ट्रस्टी झालात? आधी वसतिगृहाच्या मागच्या बाजूला जाऊन या

नाशिकमध्ये माणूस ट्रस्टी होतो तो बहुधा लग्नाच्या मांडवात. ओळखीचे एखादे काका हात पुसत पुसत जवळ येतात आणि म्हणतात, "आपल्या संस्थेवर तुमचं नाव घालतोय बरं का. करायचं काही नाही, वर्षातून तीन-चार मीटिंगा. सहीला आलात म्हणजे झालं." मीही असाच झालो. २००७ साली नाशिकरोडच्या नोटा-मुद्रांक छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालो आणि दोन महिन्यांत एका वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचा सचिव होऊन बसलो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातली मुलं-मुली शिकायला राहायची. मुलांची एक इमारत, मुलींची एक, मध्ये स्वयंपाकघर.

हिशेब कसे ठेवायचे ते सीए सांगतो. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट नव्वद दिवसांत दाखल करायचा असतो हे वकील सांगतो. पण संस्थेत जी मुलं, म्हातारी माणसं, दिव्यांग, निराधार महिला राहतात त्यांना संस्थेतल्याच कुणी त्रास दिला तर ट्रस्टीनं काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी दोन वर्षांनी शिकलो आणि त्याची किंमत माझ्याऐवजी एका मुलानं मोजली. ती हकीकत पुढे येईल. नुकतंच नाव लागलंय त्यांच्यासाठी, कामं ज्या क्रमानं करावीत असं मला आज वाटतं, त्या क्रमानं लिहितो.

पहिल्या आठवड्यात: कागद मागा

कार्यालयात जाऊन चार गोष्टींची झेरॉक्स मागा. परिशिष्ट एकची प्रत (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद, विश्वस्तांच्या नावांसह), संस्थेची घटना, मागच्या तीन वर्षांचं प्रोसिडिंग म्हणजे सभांचं इतिवृत्त, आणि जिथे जिथे माणसं राहतात त्या प्रत्येक जागेचा परवाना किंवा मान्यतेचं पत्र. पहिल्या तीन मिळतात. चौथीला "ते अध्यक्षांच्या घरी आहे" असं उत्तर येतं. तिथे हटून बसा.

कारण धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली म्हणजे माणसं ठेवायचा परवाना मिळाला, असं मुरलेले ट्रस्टीसुद्धा धरून चालतात. तसं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली संस्था नोंदली गेली, एवढाच त्याचा अर्थ. अनाथ, टाकून दिलेली, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवायची तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली वेगळी नोंदणी लागते आणि ती पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते. ती नसताना मुलं ठेवली तर कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. अर्जाला होणारा दर तीस दिवसांचा उशीर हा वेगळा गुन्हा धरतात. दिव्यांगांच्या संस्थेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ खाली नोंदणी लागते. समाजकल्याण किंवा आदिवासी विकास खात्याच्या अनुदानावरचं वसतिगृह असेल तर त्या त्या खात्याची मान्यता.

"आमच्याकडची मुलं अनाथ नाहीत हो, आईबाप आहेत, शिकायला ठेवलीत," असं म्हणणाऱ्या संस्था आपल्या जिल्ह्यात पुष्कळ. द्राक्षाच्या हंगामात आईबाप दिंडोरी-निफाडच्या बागांवर, मूल आश्रमात, सहा-सहा महिने भेट नाही. असं मूल कोणत्या कायद्यात बसतं ते आपल्या मनानं ठरवू नका. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. उत्तराला उशीर झाला तरी तुम्ही विचारलं होतं हे कागदावर राहतं.

आणखी एक. परिशिष्टावर नाव चढायला वेळ लागतो म्हणून "मी अजून अधिकृत नाही" असं समजून बसू नका. सभेला बसायला लागलात, चेकवर सही करायला लागलात की मुलांच्या दृष्टीनं तुम्ही ट्रस्टीच.

मग इमारतीच्या मागे जा

ट्रस्टी आला की त्याला ऑफिसात बसवतात. माझं पहिलं वर्ष त्याच खुर्चीत गेलं. चहा, बिस्किटं, "साहेब, मुलांनी स्वागतगीत बसवलंय." एका दुपारी वीज गेली, उकडायला लागलं म्हणून बाहेर पडलो आणि सहज मुलींच्या इमारतीच्या मागे गेलो. संडास-बाथरूम तिथे, इमारतीपासून पंधरा-वीस पावलांवर. वाटेवर बल्ब नव्हता, नुसता होल्डर, आणि त्यात कोळ्याचं जाळं. म्हणजे बल्ब कालपरवा गेलेला नव्हता. चार दारांपैकी दोघांना आतून कडी नाही. एका दाराला कडीच्या भोकातून ओढणीची चिंधी ओवलेली. आत गेलं की ती हातात धरून बसायचं. कुंपणाची जाळी एका कोपऱ्यात माणूस वाकून जाईल इतकी वर उचललेली.

मी स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं, रात्री मुली इकडे कशा येतात?

"येतच नाहीत साहेब. अंधार पडल्यावर पाणीच पीत नाहीत पोरी."

परत येऊन प्रोसिडिंग काढलं. त्या वर्षी दिव्यांचा खर्च मंजूर झालेला होता. गॅदरिंगच्या स्टेजच्या दिव्यांचा.

तेव्हा पहिली भेट न सांगता द्या. दुसरी रात्री नऊ-साडेनऊला द्या, मुलींच्या किंवा महिलांच्या ठिकाणी जायचं तर महिला विश्वस्तांना बरोबर घेऊन, आणि त्या नसतील तर संस्थेच्या बाहेरच्या एखाद्या जबाबदार बाईंना. दिवे, कड्या, खिडक्यांची तावदानं बघा. अधीक्षक कुठे झोपतात, मावशी कुठे झोपतात, रात्री मूल आजारी पडलं तर कुणाला उठवतं ते विचारा. किल्ल्यांचा जुडगा मागून घ्या आणि एकेक किल्ली कशाची ते विचारत जा. एखाद्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असते आणि ती खोली कशासाठी आहे हे कुणालाच सांगता येत नाही, असं निघू शकतं. मोठं माणूस आणि मूल दार लावून एकटे राहू शकतील अशा जागा मोजा: स्टोअर, शिकवणीची खोली, आजारी मुलांची खोली. तिथल्या दाराला काचेचा चौकोन बसवायला सुताराचं एका दिवसाचं काम आहे. सीसीटीव्ही गेटवर आणि जिन्यात ठीक. झोपायच्या खोलीत आणि बाथरूमच्या तोंडाशी कॅमेरा म्हणजे स्वतःच एक नवा धोका. आणि कॅमेऱ्याचं चित्रण कुणाच्या मोबाइलवर दिसतं, हेही विचाराच.

निघताना भेटवहीत "व्यवस्था समाधानकारक" असं लिहून येऊ नका. "वाटेवरचा बल्ब नाही, दोन दारांना कड्या नाहीत, शनिवारपर्यंत बसवाव्यात," असं लिहा आणि खाली तारीख टाका. रविवारी पुन्हा जा.

ठराव आणि एक पानाचं धोरण

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा म्हणजे पोक्सो. त्याखालच्या पोक्सो नियम २०२० प्रमाणे, मुलं जिथे राहतात किंवा मुलांशी ज्यांचा नेहमी संबंध येतो अशा संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो की कंत्राटी, ठरावीक काळानं पोलीस पडताळणी करायची आहे, त्यांना प्रशिक्षण द्यायचं आहे, आणि मुलांवरची कोणतीही हिंसा खपवून न घेणारं बाल संरक्षण धोरण स्वीकारायचं आहे. सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, पैसा देणाऱ्या कंपन्याही हल्ली धोरणाची प्रत मागतात. म्हणून कित्येक संस्था कुठून तरी चाळीस पानी इंग्रजी धोरण उतरवून घेतात, वर आपलं नाव टाकतात आणि फाइलला लावतात. असल्या धोरणात दुसऱ्या राज्याच्या हेल्पलाइनचा नंबर तसाच राहिलेला मी पाहिला आहे.

आमचं धोरण एक पानाचं आहे, मराठीत, आणि ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलंय, कारण सगळी माणसं दिवसातून दोनदा तिथे येतात. मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, कोंडायचं नाही, जातीवरून किंवा बोलीवरून हिणवायचं नाही. मोठ्या माणसानं मुलाला एकट्याला खोलीत, गाडीवर किंवा घरी न्यायचं नाही. मुलांच्या मोबाइलवर खासगी मेसेज नाहीत. तक्रार कुणाकडे करायची त्या दोन माणसांची नावं, एक बाई, एक पुरुष, आणि त्यातला किमान एक पगारी नोकर नसलेला. खाली मोठ्या अक्षरात मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि पोलिसांचा तातडीचा नंबर ११२. सभेत हे पान वाचून दाखवा, सूचक-अनुमोदकासह ठराव करा, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याची व स्वयंसेवकाची त्यावर सही घ्या. छडीबद्दल एक शब्द वेगळा: "शिस्तीसाठी एखादी चापट" हे आपल्याकडे अजून चालतं. संस्था चालवणाऱ्यानं किंवा तिथल्या नोकरानं ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

माणसं नेमताना, आणि काढताना

२००९ ची गोष्ट. पोक्सो यायला अजून तीन वर्षं होती. संध्याकाळी शिकवायला येणारे एक सर होते, हुशार, गणित सुरेख शिकवायचे. सातवीतल्या एका मुलानं मावशींना सांगितलं की सर रात्री थांबतात तेव्हा त्याच्या अंथरुणाशी येऊन बसतात. पुढचं त्यानं सांगितलं नाही, मावशींनी विचारलं नाही, आणि आमच्यापर्यंत आलं तेव्हा आम्हाला ऐकायचं नव्हतं. कार्यकारिणीची सभा झाली. "संस्थेचं नाव जाईल." "मुलांचं काय, काहीही बोलतात." "आपसात मिटवू." सरांना बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्यांनी अनुभवाचा दाखला मागितला. मी तो टाइप करून घेतला, "वर्तणूक चांगली आहे" या छापील वाक्यासकट, आणि सचिव म्हणून खाली सही केली. मुलाला आम्ही "थोडे दिवस घरी जा" म्हणून पाठवलं. तो परत आला नाही. सर मात्र सहा महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यातल्या एका वसतिगृहात शिकवताना मला भेटले, आणि नमस्कार करून म्हणाले, "तुमच्या दाखल्यामुळे लगेच काम झालं."

त्या सभेत कुणीही वाईट माणूस नव्हता. सगळे देवधर्म करणारे, खिशातून पैसे घालणारे. आमच्याकडे चांगुलपणा होता, पद्धत नव्हती.

पद्धत म्हणजे काय ते मला खरं तर आधीच ठाऊक होतं. प्रेसमध्ये तीस वर्षं रोज गेटवर तपासणी झाली. साहेब असो की शिपाई, कुणी ते मनाला लावून घेत नसे; कागद मोजून आत, मोजून बाहेर. इथे मात्र एखाद्या सज्जनाची पोलीस पडताळणी मागितली की "आमच्यावर संशय?" म्हणून रुसवे. रुसू द्या. सगळ्यांची मागितली की संशय कुणावरच राहत नाही, म्हणून सुरुवात स्वतःपासून करा. आमच्याकडे आता सातही विश्वस्तांचे चारित्र्य पडताळणीचे दाखले फाइलला आहेत, अध्यक्षांचा सगळ्यात वर.

अर्ज पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येतो. शहरात राहणाऱ्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो, ग्रामीण भागातल्याचा जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. उमेदवार जिथे राहत आला तिथला दाखला हवा, नुसता आताच्या भाड्याच्या पत्त्यावरचा नव्हे. पण दाखला कोरा आला म्हणजे माणूस निर्धोक असं नाही, गुन्हा नोंदलेला नाही इतकंच. आमच्या त्या सरांचा दाखला आजही कोराच आला असता. म्हणून आधीच्या संस्थेला फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: "या माणसाला पुन्हा मुलांबरोबर कामाला ठेवाल का?" समोरचा किती वेळ गप्प राहतो तिकडे लक्ष ठेवा. पहिले तीन महिने रात्रपाळी देऊ नका. फुकट शिकवायला, फुकट राहायला तयार असलेल्या माणसाला पगारी माणसापेक्षा जास्त तपासा, कमी नाही.

तक्रार आली तर

इथे घाई करायची आहे, आणि नेमकी इथेच सगळे थांबतात. मूल किंवा मावशी किंवा कुणी तिसरं माणूस काही सांगतं, आणि अध्यक्ष म्हणतात, "आधी आपण चौकशी करू, तथ्य असेल तर बघू." या वाक्याला तिथल्या तिथे अडवा. पोक्सो अधिनियम २०१२ च्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी ज्याला शंका आली, त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं आहे. तथ्य आहे की नाही ते शोधणं हे पोलिसांचं काम, कार्यकारिणीचं नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. उलट चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढे काही सिद्ध झालं नाही, तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. कलम १९ मध्येच तशी तरतूद आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, न कळवल्याबद्दल एका डॉक्टरवर दाखल झालेला गुन्हा उच्च न्यायालयानं रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणात सफाई कामगाराबरोबर शाळेच्या व्यवस्थापनातल्यांवरही पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. "माझा रोजच्या कारभाराशी संबंध नव्हता" हे वाक्य ट्रस्टीला फार लांब नेत नाही.

मुलाशी बोलायचं कसं? थोडंच. जिथे सांगितलं तिथेच बसा, त्याच्या उंचीवर. ते सांगेल तेवढं ऐका. "तू सांगितलंस ते फार बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. आता ज्यांना यात मदत करता येते त्यांना मी हे सांगणार आहे." एवढं पुरे. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते मोडायचंच आहे. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. आधी मावशी, मग अधीक्षक, मग सचिव, मग अध्यक्ष, असं चार वेळा तेच सांगितलं की मूल पाचव्यांदा पोलिसांपुढे गप्प होतं किंवा आपल्याला हवं ते बोलायला लागतं. आरोप ज्याच्यावर आहे त्याला समोर उभं करून "आता बोल" हे तर कधीही नाही.

मग वहीत लिहा: तारीख, वेळ, कुणी, कुठे, काय सांगितलं. मुलाचेच शब्द. मूल कोकणा बोलीत बोललं तर तसंच उतरवा. एका अधीक्षकांनी "त्यानं माझ्याशी गैरवर्तन केलं" असं शुद्ध मराठीत लिहून ठेवलेलं मी वाचलं आहे. आठ वर्षांची मुलगी असं बोलत नाही, आणि तिचा खरा शब्द त्यात कायमचा गेला.

त्याच दिवशी पोलीस ठाणे. कलम १९ मध्ये ट्रस्टीला चोवीस तासांची वगैरे सवलत लिहिलेली नाही. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली, म्हणजे मूल पेठचं, वसतिगृह शहरात, प्रकार सहलीत घडलेला, तर गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो हे शांतपणे सांगा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मुलाचा जबाब त्याच्या राहत्या जागी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. बाल कल्याण समितीला कळवणं पोलिसांचं काम आहे, पण तुम्हीही जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा. कुठून सुरू करावं तेच कळेनासं झालं तर १०९८ लावा.

आईवडिलांना त्याच दिवशी बोलवा, पण कळवण्यासाठी त्यांची परवानगी लागत नाही. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण दबाव तिथूनच येतो. संध्याकाळपर्यंत गावचे चार जण, एखादे माजी पदाधिकारी आणि आरोपीचा मेव्हणा आईबापांना घेऊन ऑफिसात बसतात आणि "त्यांचीच तक्रार नाही" असं तुम्हालाच ऐकवतात.

ज्याच्यावर आरोप आहे तो त्या क्षणी आवाराबाहेर. चौकशी होईपर्यंत निलंबन, लेखी. राजीनामा घेऊन मोकळं करायचं नाही, दाखला द्यायचा नाही. आणि मुलाला घरी पाठवायचं नाही, ते आणि त्याचे पालक स्वतः मागत नाहीत तोवर. आपण २००९ साली बरोबर उलटं केलं होतं. आपण म्हणजे मी.

शेवटी तोंड बंद. मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं "प्रार्थना करा" हे सुद्धा नाही. पत्रकारांचा फोन आला तर एकच माणूस बोलेल आणि "पोलिसांना कळवलं आहे" याच्या पुढे जाणार नाही, असं आधीच ठरवून ठेवा.

वाढदिवस, देणगीदार आणि फोटो

गंगापूर रोडवरच्या एखाद्या बंगल्यातून फोन येतो: "मुलाचा पहिला वाढदिवस आहे, तुमच्या मुलांबरोबर करायचाय, केक आम्ही आणतो." नाही म्हणवत नाही; त्याच घरातून तांदळाची पोती येतात. पण केक कापल्यावर पंचवीस पाहुणे मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढतात आणि तासाभरात "अनाथ बालकांसोबत" या मथळ्यासकट ते सगळीकडे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड होईल असं काही छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाहुण्यांना नियम आधी फोनवर सांगा, गेटवर नाही: मोबाइल ऑफिसात जमा, फोटो संस्थेचा माणूस काढेल, पाठमोरे किंवा हातांचे, झोपायच्या खोल्यांत प्रवेश नाही. दहा देणगीदारांपैकी एक-दोघं दुखावतात. त्यांची पोती मी सोडून दिली आहेत.

सिंहस्थाच्या वेळी अन्नछत्र, पाणपोई चालवणाऱ्या संस्थांनी एवढंच लक्षात ठेवावं: गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, हरवलेलं मूल तुमच्या मंडपात आलं तर "सापडतील आईबाप, बसू दे इथेच" असं करू नका. चोवीस तासांच्या आत, आणि खरं म्हणजे लगेच, पोलीस किंवा १०९८ ला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. आणि "मी याचा मामा" म्हणून आलेल्याच्या हातात मूल परस्पर देऊ नका.

म्हातारी माणसं, दिव्यांग, आणि काम करणाऱ्या बायका

वृद्धाश्रमात त्रास वेगळ्या वाटेनं येतो. तिथे पासबुक, एटीएम कार्ड आणि अंगठा बघा. व्यवस्थापकाच्या ड्रॉवरमध्ये बारा आजी-आजोबांची कार्डं रबर लावून ठेवलेली असतील, तर पैशाला कुणी हात लावला नसला तरी ती व्यवस्था आजच बंद करा. संस्थेच्या नावानं मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र झालं असेल तर ते विश्वस्तांच्या सभेत आलंच पाहिजे. झोपेच्या गोळ्या कुणाला, कुणाच्या चिठ्ठीवर, किती दिवसांपासून दिल्या जातात ते विचारा. रात्रपाळीला माणूस कमी असला की गोळ्या वाढतात. आजींशी एकटीशी, कर्मचारी नसताना, पाच मिनिटं बोला. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन १४५६७. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार होत असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांकडेही माहिती देता येते. बोलता न येणाऱ्या माणसाची तक्रार त्याच्या वागण्यात दिसते: एखादा माणूस खोलीत आला की अंग चोरून घेणं, अंघोळीला नकार.

संस्थेत दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. मोजताना बिनपगारी स्वयंसेवकही धरा. अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक सदस्य बाहेरचा. नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता त्याच स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावा.

दर सभेला विषय क्रमांक दोन

मागील इतिवृत्त कायम करणे हा पहिला विषय. दुसरा, हिशेबाच्या आधी, "निवासींची सुरक्षितता". शेवटी ठेवला तर तोवर जेवणं वाढलेली असतात. त्यात किती तक्रारी आल्या, काय केलं, कुणाची पडताळणी बाकी, कुठली कडी बसवली, हे वाचा आणि लिहा. नावं नको, आकडे आणि तारखा. कर्तव्यात सतत हयगय करणाऱ्या विश्वस्ताला धर्मादाय आयुक्त सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ड खाली निलंबित करू शकतात, काढून टाकू शकतात. त्या दिवशी तुमच्या बाजूनं बोलेल ते हे प्रोसिडिंगच. तक्रार आणणाऱ्या मावशींची नोकरी जाणार नाही असा ठरावही एकदा करून ठेवा, नावानिशी नको, सगळ्यांसाठी.

"शून्य तक्रारी" असं वर्षभर लिहिलं जात असेल तर खूश होऊ नका, तक्रारपेटी कुठे टांगली आहे ते जाऊन बघा. आमची आधी ऑफिसच्या दाराशी, अधीक्षकांच्या खुर्चीसमोर होती. दोन वर्षं रिकामी. ती जिन्याखाली, पाण्याच्या टाकीजवळ हलवली, किल्ली बाहेरच्या एका शिक्षिकेकडे दिली, आणि लिहिता न येणाऱ्या लहानांनी चित्र काढून टाकलं तरी चालेल असं सांगितलं. पहिल्या महिन्यात पाच चिठ्ठ्या निघाल्या. वरण पातळ असतं. अंडं शुक्रवारी देतो म्हणतात, देत नाहीत. चादरी ओल्या असतात. अंडं शुक्रवारी देत नाहीत, पुन्हा, वेगळ्या अक्षरात. पाचवीत लिहिलं होतं, "वॉचमन काका रात्री खिडकीतून बॅटरी मारतात."

चिठ्ठी कुणाची हे शोधलं नाही. त्याच संध्याकाळी वॉचमनला कामावरून थांबवलं, चिठ्ठी पाकिटात घालून वर तारीख टाकली, आणि किल्ली सांभाळणाऱ्या शिक्षिकाबाईंना बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. अंडी त्या शुक्रवारपासून सुरू झाली.